डेंग्यूची आयजीएम एलायझा: पहिली प्लेट तुमच्या हातून

एप्रन, हातमोजे घातलेत? या, टेबलाशी उभे राहा. पुण्याच्या एनआयव्हीचं किट आहे, काम चांगलं अर्ध्या दिवसाचं आहे आणि ते तुम्हाला नक्की जमेल. किटमधलं पत्रक उघडून ठेवा; आकड्यांत फरक दिसला तर पत्रकाचंच ऐका.

१. फॉर्मवर तापाचा कितवा दिवस ते बघा. पाचव्या दिवसाआधीच्या रक्तात आयजीएम सहसा सापडत नाही. त्या नमुन्याची एनएस१ करायला हवी.

२. किट फ्रिजबाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या. गार द्रावणाने रंग फिका येतो.

३. कुठल्या खळग्यात कोणाचा नमुना, ते कागदावर मांडा. कंट्रोलच्या जागा आधी ठरवा. भरल्यावर सगळे खळगे सारखेच दिसतात.

४. १० मायक्रोलिटर सीरम ९९० मायक्रोलिटर डायल्युएंटमध्ये मिसळा. दर नमुन्याला नवी टिप. इथे काटकसर नको.

५. त्यातलं ५० मायक्रोलिटर खळग्यात सोडा. टिप तळाला टेकवू नका.

६. प्लेट झाकून ३७ अंशांवर १ तास ठेवा. उघडी राहिली तर कडेचे खळगे सुकतात.

७. वॉश बफरने ५ वेळा धुवा. सगळ्यात जास्त जीव इथे ओता! खळगे काठोकाठ भरा, क्षणभर थांबा, हायपोक्लोराइटच्या टबात रिकामे करा, मग प्लेट टिश्यूवर उलटी आपटा. धुणं कच्चं राहिलं की नको ते खळग्यात चिकटून राहतं, आणि डेंग्यू नसलेल्या माणसाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह जातो.

८. डेंग्यूचं अँटिजेन ५० मायक्रोलिटर घाला. कंट्रोलचे खळगे विसरू नका.

९. पुन्हा झाकून ३७ अंशांवर १ तास.

१०. पुन्हा ५ वेळा धुवा. हात दुखला तरी पाचच.

११. बायोटिन लावलेली मोनोक्लोनल अँटिबॉडी ५० मायक्रोलिटर घाला. अँटिजेनची बाटली चुकून परत उचलू नका.

१२. तासभर ३७ अंशांवर ठेवा.

१३. धुवा, तसंच.

१४. अ‍ॅव्हिडिन-एचआरपी ५० मायक्रोलिटर घालून ३७ अंशांवर ३० मिनिटं थांबा. याची वेळ कमी आहे, घड्याळ लावा.

१५. शेवटचं धुणं. हेच घाईत बिघडतं.

१६. टीएमबी १०० मायक्रोलिटर घालून १० मिनिटं अंधारात ठेवा. बाटलीतच ते निळं दिसलं तर वापरू नका.

१७. ज्या क्रमाने टीएमबी घातलं, त्याच क्रमाने स्टॉप सोल्युशन १०० मायक्रोलिटर सोडा. निळ्याचं पिवळं होईल. हे आम्ल आहे, डोळे सांभाळा.

१८. प्लेटचा तळ पुसा. बोटाचे ठसेही रीडिंग वाढवतात.

१९. १० मिनिटांच्या आत ४५० नॅनोमीटरवर रीडिंग घ्या.

२०. आधी कंट्रोल तपासा. ते पत्रकातल्या मर्यादेत नसतील तर अख्खी प्लेट रद्द, पुन्हा लावा.

२१. आता रिपोर्ट लिहा. निगेटिव्ह आला, पण रक्त लवकर घेतलं होतं? मग काही दिवसांनी दुसरा नमुना पाठवा, असं त्यावर स्पष्ट लिहा.