जुनी गाडी घेताना आधी कागद पाहा

व्यापारी बंधूंनो, कापडाचा ताका आपण गादीवर बसल्या बसल्या घेत नाही. दारात उजेडात आणतो, चार वार उलगडतो, काठ पाहतो, कुठे डाग किंवा जोड आहे का ते तपासतो. हीच आपण माणसे लाख-दीड लाखाची जुनी गाडी मात्र ओळखीच्या माणसाच्या शब्दावर घेऊन मोकळे होतो. मीही तसाच फसलो.

२०१६ साली मी नऊ वर्षांची वॅगन आर घेतली. विकणारा आमच्याच बाजारातला, रोजची सलाम-दुआ. इंजिन चांगले, रंग चकचकीत. रोख रक्कम मोजून दिली, सह्या झाल्या. आर.टी.ओ.त गेलो तेव्हा कळले की आर.सी.वर एका फायनान्स कंपनीचा बोजा तसाच आहे. शेवटचे काही हप्ते आणि त्यावरचा दंड बाकी होता. विकणारा तोवर गाव सोडून गेला होता. कर्ज त्याचे, फेडले मी. गाडी नावावर व्हायला आठ महिने गेले. अम्मीला दवाखान्यात नेण्यासाठी घेतलेली गाडी दुकानामागे उभी, आणि अम्मी रिक्षाने जात होती.

म्हणून माझे सांगणे, बॉनेट नंतर उघडा, आधी आर.सी. पाहा. गाडीचा नंबर टाकून परिवहन खात्याच्या वेबसाइटवर नोंदणी, विमा, बोजा आणि बाकी असलेली चलाने घरबसल्या पाहता येतात. बोजा असेल तर बँकेचे किंवा फायनान्स कंपनीचे ना-हरकत पत्र आणि त्यांच्या सहीचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय बयाण्यापलीकडे एक रुपया देऊ नका. "कर्ज फिटले आहे, कागद नंतर आणून देतो" हे वाक्य मी ऐकले आहे. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर तिथल्या आर.टी.ओ.चे ना-हरकत पत्रही लागते, शिवाय इथला कर वेगळा. स्वस्त दिसणारी गाडी तिथेच महाग होते.

चॅसिस आणि इंजिनवर कोरलेले नंबर आर.सी.शी एकेक अक्षर जुळवून पाहा. सी.एन.जी. किट असेल तर त्याची नोंद आर.सी.वर हवी, आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी तपासणी झालेली हवी. नोंद नसलेले किट म्हणजे अपघात झाला की विम्याचा वाद.

आता वयाचा हिशेब. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. १ एप्रिल २०२२ पासून याची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली. २०२५ साली वीस वर्षांवरच्या मोटारीसाठी ती १०,००० करण्यात आली. महाराष्ट्रात पर्यावरण कर त्याशिवाय. चौदा वर्षांची गाडी स्वस्त मिळते ती यामुळेच. हा खर्च भावातून आधीच वजा करा.

गाडी नेहमी सकाळी पाहा, आणि इंजिन थंड असताना. मालकाने आधीच गरम करून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी या. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळते आहे. पांढरा धूर थांबतच नसेल तर पाणी आत शिरत असावे. ऑइलचे झाकण उघडा, आत दुधासारखा चिकट थर दिसला तर सौदा सोडून द्या. मीटरवरच्या किलोमीटरवर विश्वास ठेवू नका. ब्रेक पॅडलचे रबर आणि स्टिअरिंग किती गुळगुळीत झाले आहे ते खरे सांगते. चाळीस हजार किलोमीटरची गाडी आणि पॅडल झिजून लोखंड दिसते, असे होत नाही.

डेंटिंग-पेंटिंग ओळखणे आपल्या धंद्यातल्या माणसाला अवघड नाही. दुबार रंगवलेल्या मालाची छटा उन्हात वेगळी पडते, तशीच पत्र्याचीही. दाराच्या रबरावर रंगाचे शिंतोडे, बॉनेटच्या बोल्टांवर पान्याच्या खुणा दिसल्या तर गाडी ठोकलेली समजा. पुरात बुडालेली गाडी लपवणे सोपे असते. २०१९ साली सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ साली चिपळुणात शेकडो वाहने पाण्यात गेली होती. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या भागावर गाळाची रेघ राहते. पायाखालचा गालिचा उचलून वास घ्या. टायरवर चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे वर्षाचे. नक्षी नवी दिसली तरी सात-आठ वर्षांचा टायर बदलण्याचा खर्च धरा.

मिस्त्री आपला न्या, विकणाऱ्याने सुचवलेला नको. त्याची मजुरी द्यायला कुरकुर करू नका.

फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या की तेच कागद दलालाच्या खिशात ठेवू नका. जे बंधू स्वतःची गाडी विकत आहेत त्यांनी तर मुळीच नाही. नोंद ज्याच्या नावावर, अपघाताची भरपाई त्याच्यावर, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. घेणाऱ्याने विमाही स्वतःच्या नावावर करून घ्यावा, त्यासाठी खरेदीपासून १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करायचा असतो. जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तेवढा फरक भरण्याची तयारी ठेवा. आणि शेवटचे दहा-पंधरा हजार आर.सी. आपल्या नावाची येईपर्यंत राखून ठेवण्याचे बयाण्याच्या वेळीच लिहून घ्या. दोन साक्षीदारांसह.