दूरध्वनीवरील ‘होय’ आणि करारनामा

हल्लीं विम्याचा किंवा कर्जाचा अर्ज भरून दिला म्हणजे दोन-चार दिवसांत कंपनीच्या कचेरींतून फोन येतो. पलीकडील मनुष्य नांव, जन्मतारीख, हप्ता व मुदत वाचून दाखवितो आणि ‘हें आपणांस मान्य आहे ना?’ असें विचारतो. यास पडताळणीचा फोन म्हणतात. शेतकरी त्या वेळीं पिकास पाणी देत असतो. ‘होय, होय’ म्हणून तो मोकळा होतो. या ‘होय’चें कायद्यांत मोल काय, तें आज पाहूं.

१८७२ च्या करार कायद्याप्रमाणें दोघांनीं एकच गोष्ट एकाच अर्थानें मान्य केली, तरच ती संमति होय. आणि ती धाकानें, गैरवाजवी दडपणानें, लबाडीनें, खोट्या माहितीनें किंवा चुकीनें मिळविलेली नसावी. संमति कागदावरच द्यावी लागते असें मात्र नाहीं. १९५९ सालीं अहमदाबादच्या एका पेढीनें खामगांवच्या एका गिरणीशीं सरकीच्या पेंडीचा सौदा फोनवर केला. माल आला नाहीं म्हणून पेढीनें अहमदाबादेस फिर्याद केली. आपण खामगांवाहून होकार दिला, म्हणून करार खामगांवीं झाला, असें गिरणीचें म्हणणें होतें. सर्वोच्च न्यायालयानें १९६५ सालीं बहुमतानें ठरविलें कीं, फोनवरील होकार जेथें ऐकूं येतो तेथें करार होतो; म्हणून अहमदाबादचें न्यायालय हा दावा चालवूं शकतें. फोनवरील शब्द हवेंत विरत नाहीं, हा यांतील धडा.

पडताळणीच्या फोनचें काम याहून थोडें निराळें आहे. विम्याच्या अटी लेखी कागदांतच असतात. त्या अटी अर्जदारास समजल्या व मान्य झाल्या, याची साक्ष म्हणजे हा फोन. संभाषण मुद्रित होऊन कंपनीजवळ राहतें.

समजा, कापसाचे पैसे हातीं आले आणि विमा-प्रतिनिधि म्हणाला, ‘एकदांच पन्नास हजार भरा.’ कागदांत मात्र तीच रक्कम दहा वर्षें, दर वर्षीं भरण्याची अट आहे. जातां जातां तो सांगतो, ‘फोन आला कीं सगळ्यास होय म्हणा, नाहीं तर काम अडेल.’ पुढील वर्षीं बोंडअळीनें पीक बुडतें, हप्ता थकतो, आणि तक्रार करतां कंपनी आपलाच आवाज आपणांस ऐकविते. फसवून घेतलेली संमति रद्द करवितां येते हें खरें. पण फसवणूक आपणच सिद्ध करावी लागते. शिवाय खोटी माहिती दिल्याचीच तक्रार असेल, तर साधारण दक्षतेनें खरें काय तें कळलें असतें, असें उत्तर करार कायद्याच्या १९ व्या कलमाच्या आधारें पुढें येऊं शकतें. पडताळणीचा फोन ही तशी संधि होती, असें मग म्हटलें जातें.

याकरितां आमच्या शेतकरी बंधूंस आमचें सांगणें असें:

१. कामांत असतांना उत्तरें देऊं नयेत. ‘संध्याकाळीं फोन करा’ म्हणावें व कागद पुढें घेऊन बसावें.

२. हप्ता किती, किती वर्षें, मध्येंच थांबल्यास काय परत मिळेल, हें आपण होऊन विचारावें. भाषा न समजल्यास मराठींत सांगावयास लावावें.

३. प्रतिनिधीचें बोलणें निराळें असेल तर तें तेथेंच स्पष्ट सांगावें. मग तेंच मुद्रण आपल्याहि बाजूचा साक्षीदार होतें.

४. मोबाईलवर आलेला ओटीपी, कार्डाचा पिन किंवा गुप्त संकेत कोणी मागितल्यास तो भामटा समजून फोन ठेवावा. पडताळणीस त्यांची गरज नसते.

५. आयुर्विम्याचा कागद हातीं पडतांच जाणत्याकडून वाचवून घ्यावा. २०२४ च्या नियमांप्रमाणें तो मिळाल्यापासून ३० दिवसांत परत करतां येतो. तितक्या दिवसांच्या जोखमीचा आकार, वैद्यकीय तपासणी व मुद्रांक यांचा खर्च वजा होऊन बाकीचे पैसे मिळतात.

बैल घेतांना आपण त्याचे दांत पाहतों, त्यास चालवून पाहतों, मगच विसार देतों. दहा वर्षें आपणांस बांधून ठेवणाऱ्या शब्दासहि तीच रीत लावावी.