रडारचे तरंग आणि वातावरण

पावसाची मोठी सर आली, की घरावरील डिश अँटेनाचे चित्र तुटू लागते, हे आम्ही किन्हीराजा परिसरात दर पावसाळ्यात पाहतो. तो यंत्राचा दोष नव्हे. उपग्रहाकडून येणाऱ्या या सूक्ष्मतरंगांची लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर असते. पावसाचे थेंब त्यांची काही ऊर्जा शोषतात व काही विखुरतात. नागपूर येथील हवामान विभागाचे डॉपलर रडार सुमारे दहा सेंटिमीटर लांबीचे तरंग वापरते. हे तरंग पावसात फारसे क्षीण होत नाहीत, म्हणून एका सरीमागची दुसरी सरही त्याला दिसते.

हवा तरंगांना केवळ क्षीण करीत नाही, ती त्यांची वाटही वळविते. उंचीनुसार हवा विरळ होत जाते, तिचा अपवर्तनांक घटतो आणि तरंग जमिनीकडे किंचित झुकतो. म्हणून त्याची उंची काढताना पृथ्वीची त्रिज्या चार-तृतीयांश पट मानतात. तरीही पृथ्वीचा बाक अधिकच असतो. नागपूर येथून सरळ रेषेत दोनशे किलोमीटरांहून दूर आहे. अर्ध्या अंशाच्या कोनात निघालेला किरण येथवर पोहोचेतो चार किलोमीटरांहून उंच गेलेला असतो. गडगडाटी ढगांचे उंच माथे त्यास सापडतात. ठेंगण्या ढगांतील रिमझिम मात्र त्याच्या खालून निसटते.

कधी याउलट घडते. हिवाळ्यातील निरभ्र रात्री जमीन लवकर निवते; तिच्यालगतची हवा थंड आणि वरची उबदार राहते. या तापमान विपरीततेमुळे तरंग अधिक वाकून जमिनीवर आदळतो व परततो, आणि स्वच्छ आकाशात पाऊस असल्याचा भास होतो. समुद्रावर कोरडी उष्ण हवा दमट थरावर पसरली, की तरंग नळीत कोंडल्याप्रमाणे दूरवर जातात. दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या रडारवर दीड हजार किलोमीटरांपलीकडील अरबस्तानाच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी उमटले, ते यामुळेच.

विद्यार्थी मित्रांनो, सोयाबीनवर फवारणी करावी की थांबावे, हे आज आपले पालक भ्रमणध्वनीवरील रडारचे चित्र पाहून ठरवितात. एका सरीने औषध धुऊन गेले, तर पैसा आणि श्रम दोन्ही वाया जातात. म्हणून त्यांना एवढे अवश्य सांगावे : कोरे चित्र म्हणजे कोरडे आकाश नव्हे आणि चित्रातील प्रत्येक ठिपका म्हणजे पाऊस नव्हे. चित्रासोबत अंदाज वाचावा, आकाश पाहावे; आणि गडगडाट ऐकू येताच, चित्र काहीही सांगो, शेत सोडून पक्क्या घरात यावे.