एका वेळी एकच फोटॉन : क्वांटमकडे जायची वाट कोणती?

‘क्वांटममध्ये करिअर करायचं तर बारावीनंतर कोणता कोर्स घ्यायचा?’ पालकांच्या या प्रश्नाला माझं उत्तर असं : नावात क्वांटम असलेला कोर्स शोधू नका. भौतिकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स किंवा मटेरियल सायन्स यांपैकी एकाचा पाया पक्का करा. कारण कळण्यासाठी तिथलं काम समजून घ्यायला हवं.

काम काय असतं?
प्रकाशावर चालणाऱ्या क्वांटम संगणकाला एका वेळी नेमका एकच फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एकच कण लागतो. लेसर कितीही मंद केला तरी त्याच्या एका स्पंदात कधी एकही फोटॉन नसतो, तर कधी दोन असतात. म्हणून गॅलियम आर्सेनाइडच्या स्फटिकात इंडियम आर्सेनाइडचे काही नॅनोमीटरचे ठिपके वाढवतात. हे क्वांटम डॉट. त्यात अडकलेला इलेक्ट्रॉन ‘होल’मध्ये, म्हणजे दुसऱ्या इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागेत पडला, की सुटलेली ऊर्जा एका फोटॉनच्या रूपानं बाहेर येते. विजेवर चालणारा असा स्रोत केंब्रिजमधल्या तोशिबाच्या आणि विद्यापीठाच्या संशोधकांनी २००२ मध्ये दाखवला. फ्रान्सची क्वांडेला कंपनी आज क्वांटम डॉटच्या फोटॉनवर संगणक बांधते.

कोण लागतं?
स्फटिक अतिनिर्वातात थरावर थर देत वाढवावा लागतो. तिथे मटेरियलवाला हवा. क्लीनरूममध्ये चिप कोरायला इलेक्ट्रॉनिक्सवाला हवा. डॉट सहसा उणे २६९ अंशांच्या आसपास थंड ठेवतात, ते क्रायोजेनिक्सचं काम. फोटॉन खरंच एकटाच आला का, हे तपासायला ऑप्टिक्स आणि प्रोग्रॅमिंग दोन्ही यावं लागतं.

वाटा
जेईई ॲडव्हान्स्डमधून आयआयटी मुंबईत इंजिनिअरिंग फिजिक्स घेता येतं. आयसर पुण्यासाठी आयसरची स्वतःची ॲप्टिट्यूड टेस्ट आहे. मुंबईतल्या सीईबीएस या मूलभूत विज्ञान केंद्रासाठी ‘नेस्ट’ ही परीक्षा. यांपैकी काही जमलं नाही तरी दार बंद होत नाही. गावच्या कॉलेजातून फिजिक्समध्ये बीएस्सी करून ‘जॅम’ परीक्षेनं आयआयटीत एमएस्सीला जाता येतं. ईअँडटीसीचे विद्यार्थी ‘गेट’ देऊन पुढे जाऊ शकतात.

पैसा आणि वेळ
केंद्र सरकारनं एप्रिल २०२३ मध्ये ६,००३.६५ कोटी रुपयांचं राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं; ते २०३०-३१ पर्यंत चालेल. त्यात मटेरियल आणि उपकरणांचं केंद्र आयआयटी दिल्लीत, तर सेन्सिंगचं आयआयटी मुंबईत आहे. पण संशोधक व्हायचं तर पीएचडीची पाच-सहा वर्षं धरूनच चला. २०२३ पासून जेआरएफला, म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळालेल्या विद्यार्थ्याला, दरमहा ३७,००० रुपये आणि घरभाडे भत्ता मिळतो, त्यामुळे त्या काळात घरावर फारसा भार पडत नाही. नोकऱ्या आज प्रामुख्यानं प्रयोगशाळा आणि स्टार्टअपमध्ये आहेत. क्वांटमची लाट ओसरली तरी हीच कौशल्यं चिप, लेसर आणि फायबर उद्योगात चालतात; काही आठवड्यांच्या सर्टिफिकेटला हा आधार नसतो.

पालकांसाठी
मुलाचे फिजिक्सचे मार्क पाहाच, पण प्रॅक्टिकल तो स्वतः करतो की मित्राची रीडिंग जर्नलमध्ये उतरवतो, तेही विचारा. रीडिंग चुकलं म्हणून जो पुन्हा मांडणी करायला बसतो, त्याला या वाटेनं बिनधास्त जाऊ द्या. फक्त नावाची भुरळ पडली असेल, तर फॉर्म भरायची घाई करू नका.