जांभळा डाग दिसण्याआधी

१. पडून असलेल्या पेशंटच्या कातडीवर जांभळा डाग दिसला की दोन-तीन दिवस मागे जा. दाबामुळे खोलवर झालेली इजा कातडीवर उमटायला बहुधा ४८ ते ७२ तास लागतात. आज सकाळी माकडहाडाजवळ जांभळट डाग दिसला तर परवाचं लांबलेलं ऑपरेशन आठवा, कॅज्युअल्टीतल्या कडक ट्रॉलीवर गेलेले तास आठवा. पेशंट घरी पडून, न हलता किती वेळ होता, तेही नातेवाइकांना विचारा. कालच्या रात्रपाळीच्या सिस्टरला बोल लावून सगळे मोकळे होतात, याचा मला फार राग येतो. खरं कारण तसंच राहतं आणि पुढच्या पेशंटलाही तेच भोगावं लागतं.

२. सावळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही, म्हणून हात लावून बघा. दाब येणारा भाग आजूबाजूपेक्षा गरम लागतो की गार? टणक की लिबलिबीत? एका टाचेची दुसरीशी तुलना करा. दुखणं आणि तापमानातला फरक बरेचदा रंगाच्या आधी येतो. आजी म्हणाल्या, “इथे ठणकतंय गं,” तर कातडी कितीही धड दिसो, त्या बाजूचा भार तेव्हाच काढा.

३. चोळू नका. स्पिरिट आणि पावडर लावून पाठ चोळायची रीत आपल्याकडे वर्षानुवर्षे चालत आली, घरची माणसंही प्रेमानं तेच करतात. पण हाडालगतचा स्नायू दाबाखाली कातडीच्या आधी मरतो. वरून चोळलं की आतली इजा वाढते. बसायची गोल रिंगही नको, तिच्या कडेवर नवा दाब येतो.

४. टाच गादीला टेकता कामा नये. पोटरीखाली लांबीच्या दिशेनं उशी, गुडघा किंचित वाकलेला. टाचेवर रक्ताचा फोड आला तर तो फोडू नका.

५. एअर बेड लावला तरी कूस बदलावीच लागते. साधारण ३० अंश कलतं ठेवा, पूर्ण कुशीवर नको. पेशंटला चालत असेल तर डोक्याकडची बाजू ३० अंशांच्या आतच ठेवा, नाहीतर पेशंट खाली घसरतो आणि आतल्या थरांना ओढ बसते.

६. पेज आणि नारळपाण्यावर जखम भरत नाही. किलोमागे रोज १.२५ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ५० किलोच्या माणसाला ६२.५ ते ७५ ग्रॅम. किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

७. नातेवाइकांशी पहिल्याच दिवशी बोला. सगळं नीट केलं तरी हा जांभळा डाग काही दिवसांत उघडून खोल जखम होऊ शकते. हे आधी सांगितलं नाही, तर ड्रेसिंगमुळेच जखम झाली असं त्यांना वाटतं. इजा आत खोल असते, म्हणून फाइलमध्ये ‘पहिल्या ग्रेडचा बेडसोर’ असं लिहू नका. जागा, लांबी-रुंदी, रंग, स्पर्श आणि तारीख-वेळ लिहा, आणि प्रत्येक पाळीला हँडओव्हर देताना पांघरूण बाजूला करून दोन्ही पाळ्यांच्या सिस्टरनी मिळून तो भाग बघा.