मनाची मशागत : काय वाचावे व कसे वाचावे

(शास्त्रपाठ : स्तोत्रे 42 व 43, 1 राजे 19:1-8, नहेम्या 5:1-13, याकोब 1:19-25)



कपाशीचे बी कितीही उत्तम असले तरी अगोदर जमिनीची मशागत व्हावी लागते, हे खानदेशातील शेतकऱ्यास कोणी शिकवावयास नको. नांगरट झाली पाहिजे, वखर फिरला पाहिजे, हराळीच्या मुळ्या वेचून बांधावर टाकल्या पाहिजेत, मग पेरणी. मनाचेही असेच आहे. आमच्या मंडळ्यांत दर रविवारी वचनाचे बी पेरले जाते. परंतु भाऊबंदकीचा जुना राग, शेजाऱ्याच्या विहिरीस लागलेल्या पाण्याचा मत्सर, हाती आलेले मूल गेल्याचे दुःख, ही ढेकळे वर्षानुवर्षे न फुटता तशीच राहतात. मग पीक का येत नाही म्हणून आम्ही आश्चर्य करितो! मंडळी सिद्धान्तावरून क्वचितच फुटते. बहुधा ती एका कठोर शब्दावरून फुटते. म्हणून ह्या पाठात आपणांस असे पाहावयाचे आहे की, मनाची मशागत करणारे वाचन कोणते, आणि ते कोणत्या रीतीने करावे.

हल्ली आत्मोन्नतीच्या पुस्तकांचा तोटा नाही. बसस्थानकावर ती विकावयास असतात, आणि हातातल्या मोबाईलवर तर अर्ध्या मिनिटाचे उपदेश दिवसभर येतच असतात. ती सर्वच टाकाऊ आहेत असे आमचे म्हणणे नाही. वेळेचा उपयोग कसा करावा, चारचौघांत कसे बोलावे, हे एखाद्या पुस्तकाने शिकविले तर ते घ्यावे. तथापि पुष्कळांचा रोख एवढाच असतो की, तू इतरांच्या पुढे कसा जाशील. म्हणून कोणतेही पुस्तक हाती घेतल्यावर त्यास तीन प्रश्न विचारावे. लिहिणारा स्वतःच्या दोषांविषयी खरे बोलतो काय? हे वाचून मला माझ्या शेजाऱ्याची आठवण होते, की केवळ माझी? आणि उद्या सकाळी घरी किंवा शेतात करावयाजोगे ह्यात काही आहे काय? तिन्ही उत्तरे चांगली आली तर ते पुस्तक वाचावे, मग ते कोणाचेही असो.

ह्या कसोटीस पहिल्याने उतरते ते पवित्र शास्त्रच. पुष्कळांची अशी समजूत आहे की, विश्वासणाऱ्याने रडू नये, रागावू नये, खचू नये. शास्त्र तसे सांगत नाही. स्तोत्रकर्ता 42 व्या आणि 43 व्या स्तोत्रांत मिळून तीन वेळा आपल्याच जिवाला थांबवून विचारतो की, तू असा खिन्न का झाला आहेस. दुःखाच्या पुरात वाहून जाणे निराळे, आणि काठावर उभे राहून त्या दुःखाला प्रश्न विचारणे निराळे. एकदा विचारून त्याचे दुःख गेले नाही, म्हणून त्याने पुन्हा विचारले. ज्यांस एका प्रार्थनेने समाधान मिळत नाही, त्यांनी निराश होऊ नये. स्तोत्रकर्त्यासही तीन वेळा विचारावे लागले.

रागाविषयी नहेम्याचा पाचवा अध्याय वाचावा. दुष्काळात लोकांनी शेते व द्राक्षमळे गहाण टाकिले, पोरे दास्यात दिली, आणि त्यांची ओरड नहेम्याच्या कानी पडली. कर्जाचा फास आमच्या कापूस पिकविणाऱ्या भागास नवा नाही. म्हणून हा अध्याय आम्हांस लौकर समजतो. नहेम्या फार संतापला. त्याने संताप लपविला नाही. परंतु तोंड उघडण्यापूर्वी त्याने आपल्या मनाशी विचार केला. नंतर त्याने कोणास दोष दिला? घरच्या बायकामुलांस नाही, दुबळ्या चाकरांस नाही. ज्या प्रमुखांनी व्याज घेतले होते त्यांनाच त्याने तोंडावर दोष दिला. आणि शेवटी गरिबांची शेते गरिबांस परत मिळाली. राग आला असता थांबणे, योग्य मनुष्याकडे जाणे, आणि दुखावलेल्याचे नुकसान भरून निघेपर्यंत न सोडणे, ह्या तीन पायऱ्या त्या अध्यायात आहेत. आम्ही बहुधा पहिली पायरी चुकवितो, आणि म्हणून पुढच्या दोन्ही चुकतात. सावकारावरचा राग चुलीपुढे बसलेल्या बायकोवर निघतो.

निराशेविषयी एलीयाचा वृत्तांत वाचावा. हा एवढा मोठा संदेष्टा रानात एका झुडपाखाली बसला आणि त्याने मरण मागितले. तेव्हा देवाने त्यास काय पाठविले? उपदेश नाही, धमकी नाही. झोप, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे! हे दोन वेळा झाले. प्रश्न व संभाषण पुढे, चाळीस दिवसांची वाट चालून तो होरेब डोंगरास पोहोचल्यावर झाले. ज्याच्या घरी पीक बुडाले आहे किंवा मयत झाली आहे, त्याच्याकडे जाणाऱ्या उपदेशकाने हा क्रम विसरू नये : अगोदर भाकर, मग बोलणे.

आता शास्त्राखेरीज इतर ग्रंथांकडे वळू. ते थोडेच सांगतो. कारण थोडे घेऊन पुन्हापुन्हा वाचणे हेच ह्या कामी हिताचे.

पहिला ग्रंथ लक्ष्मीबाई टिळक ह्यांची "स्मृतिचित्रे". ह्या बाईंचा जन्म 1868 साली नाशिकजवळच्या जलालपूर येथे झाला. शाळेत त्या कधी गेल्या नाहीत. त्यांचे यजमान रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांचा बाप्तिस्मा 1895 साली मुंबईस झाला, तेव्हा ह्यांच्यावर आकाशच कोसळले. काही वर्षे पतिपत्नी वेगळी राहिली. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा 1900 साली झाला. ह्या मधल्या पाच वर्षांचा वृत्तांत आमच्या प्रत्येक उपदेशकाने वाचावा. सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढलेली ही बाई एका दिवसात बदलली नाही. ती रडली, रागावली, विचार करीत राहिली, आणि मनुष्यामनुष्यांतील भेद देवाने केलेला नाही, हे तिच्या मनाने स्वतः ठरविले, तेव्हाच तो भेद तिच्यापुरता सुटला. घरधनी विश्वासात आला आणि घरधनीण अद्याप आली नाही, अशी घरे आमच्या गावांत आहेत. तेथे घाई करणाऱ्याने ही पाच वर्षे मोजावी.

ह्या ग्रंथाचा दुसरा गुण असा की, बाई स्वतःस हसतात. आपले अज्ञान, आपली भांडणे, यजमानांचा तापट स्वभाव, काहीच त्यांनी झाकले नाही. आणि तरी वाचकाच्या मनात कोणाविषयी तिरस्कार उत्पन्न होत नाही. आपला दोष हसत सांगता येणे ही मन मऊ झाल्याची खूण आहे. शिवाय खानदेशच्या वाचकास ह्यात आपला माणूस भेटतो : धरणगावचे त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे बालकवी. 1907 साली जळगावच्या कविसंमेलनात त्यांस हे नाव मिळाले. पुढे ते काही काळ अहमदनगरास टिळकांच्या घरी राहिले, आणि लक्ष्मीबाईंनी ह्या परक्या मुलास घरचे मूल म्हणून वागविले. धर्म निराळा असतानाही घर एक कसे असते, हे तेथे पाहावे.

दुसरा ग्रंथ जॉन बन्यन ह्यांचा. मूळ इंग्रजी पुस्तकाचा पहिला भाग 1678 साली छापला गेला. मराठीत ते हरि केशवजी ह्यांनी "यात्रिकक्रमण" ह्या नावाने 1841 साली आणिले. त्यात यात्रेकरू व त्याचा सोबती निराशा नावाच्या राक्षसाच्या किल्ल्यात सापडतात. राक्षस त्यांस मारतो, आणि जीव देण्याचाही सल्ला देतो. शेवटी यात्रेकरूच्या ध्यानात येते की, अभिवचन नावाची किल्ली आपल्या उराशीच होती. आणि तिनेच सर्व दारे उघडतात. परंतु त्याबरोबर हेही पाहावे की, त्या अंधारात तो एकटा नव्हता. जीव देऊ नये म्हणून त्यास थोपवून धरणारा त्याचा सोबतीच होता.

तिसरा ग्रंथ साने गुरुजींची "श्यामची आई". गुरुजी आमच्या मंडळीचे नव्हते. परंतु जळगाव जिल्ह्यातील अमळनेरच्या शाळेत ते शिक्षक होते, आणि हे पुस्तक त्यांनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. ते बेचाळीस रात्रींत विभागलेले आहे. जेवणे झाल्यावर घरातल्या शिकत्या मुलाने एकेक रात्र मोठ्याने वाचावी, म्हणजे दीड महिन्याच्या आत पुस्तक पुरे होते. न रागावता मूल कसे सुधारावे, आणि रागवावे लागलेच तर मागाहून त्यास जवळ कसे घ्यावे, हे बापांनी त्यातून शिकावे. ज्यास विकत घेणे होत नाही त्याने जळगावचे वल्लभदास वालजी वाचनालय किंवा धुळ्याचे गरुड वाचनालय येथे चौकशी करावी. ह्या पुस्तकाच्या स्वामित्वहक्काची मुदत संपली असल्यामुळे ते मोबाईलवरही मोफत वाचता येते.

कोणी म्हणेल, "आमच्या घरी वाचता येणारे कोणी नाही, मग आम्ही काय करावे?" त्यांनी जळगावजवळील आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी ह्यांची आठवण करावी. 1880 साली जन्मलेल्या ह्या शेतकरी बाईस अक्षरओळख नव्हती. ऐन उमेदीत वैधव्य आले. तिने आपले दुःख जात्यावर आणि शेतात आपल्या बोलीतच गाइले, मनाच्या चंचलपणाविषयी गाइले. आणि तिच्या मुलाने व आप्ताने ते लिहून ठेविले. ती 1951 साली वारली, आणि गाणी पुढल्याच वर्षी पुस्तकरूपाने निघाली. आज जळगावच्या विद्यापीठास तिचे नाव आहे. जिला वाचता येत नव्हते तिचे आज विद्वान वाचतात! तेव्हा निरक्षर मनुष्य मनाने अडाणी असतो असे कोणी समजू नये.

ह्यावरून वाचण्याच्या रीतीविषयी चार गोष्टी निघतात. पहिली, थोडे वाचावे व मोठ्याने वाचावे. एका बैठकीस एक पान पुरे. दुसरी, वाचलेले आपल्या घरच्या बोलीत सांगावे. ग्रंथ मराठीत असतो. पण आमच्यापैकी कित्येकांचा राग अहिराणीत येतो, आणि कित्येकांचे दुःख भिलीत रडते. जोपर्यंत गोष्ट त्या बोलीत सांगता येत नाही तोपर्यंत ती मनाच्या ओसरीवरच बसली आहे, घरात आली नाही. कूशी अधिकाऱ्यास रथात बसून वाचता येत होते, तरी समजून सांगणारा फिलिप्प लागलाच. म्हणून दोघातिघांनी मिळून वाचावे.

तिसरी, लिहून ठेवावे. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे दर रविवारी गीतेवर बोलत, आणि साने गुरुजी ते उतरून घेत. त्यांनी लेखणी उचलली नसती तर ते शब्द त्या भिंतींतच राहिले असते. आमच्या मंडळ्यांतही रविवारी उपदेश होतो. सोमवारी त्यातले काय उरते? चार आण्यांच्या वहीचे दिवस गेले खरे, पण वही अजून स्वस्तच आहे. तीत दर आठवड्यास एकच ओळ लिहावी : ह्या आठवड्यात मला राग कशाचा आला, आणि मी काय केले. चौथी, प्रत्येक वाचनातून एक कृती काढावी. याकोब म्हणतो त्या आरशात तोंड पाहून विसरणाऱ्या मनुष्यासारखे आपण होऊ नये. नहेम्या वाचला तर ज्याच्याशी बोलणे टाकिले आहे त्याच्या दाराशी जावे. एलीया वाचला तर कोणा दुःखिताच्या घरी भाकर न्यावी.

एक सूचना येथे अवश्य केली पाहिजे. वाचन हे औषधाच्या ऐवजी नव्हे. ज्यास आठवडेच्या आठवडे झोप नाही, अन्न गोड लागत नाही, जीव द्यावा असे वाटते, त्यास "आणखी स्तोत्रे वाच" एवढेच सांगून परत पाठवू नये, आणि त्याचा विश्वास कमी आहे असे तर मुळीच म्हणू नये. त्यास एकटे सोडू नये. सोबत घेऊन सरकारी दवाखान्यात जावे. सरकारने 2022 साली टेलिमानस नावाची फुकट सेवा सुरू केली आहे. 14416 ह्या क्रमांकावर फोन केल्यास मनाच्या दुखण्याविषयी सल्ला मिळतो. हा क्रमांक मंदिराच्या भिंतीवर लिहून ठेवावा. लूक वैद्य होता, आणि तो पौलाचा सोबती होता, हे आपणांस ठाऊकच आहे.

शेवटी उपदेशक बंधूंस एक शब्द. पुस्तक ही दुसऱ्यास मारावयाची काठी नव्हे. नहेम्याचा अध्याय वाचून "हा अमक्यास लागू पडतो" असे मनात आले की समजावे, आपण चुकीच्या दिशेने नांगर धरिला. वेदीजवळ गोड बोलणारा उपदेशक घरी कसा बोलतो, हे सारे गाव ऐकत असते; कुडाच्या भिंतीस कान असतात. आपली बायकोमुले ज्या दिवशी म्हणतील की, "हल्ली वाचू लागल्यापासून हे जरा थांबून बोलतात", त्या दिवशी आपले वाचन फळास आले असे मानावे.

विचारासाठी प्रश्न :

1. नहेम्याने रागाच्या भरात प्रथम काय केले? आपण काय करितो?

2. एलीयास देवाने उपदेशाच्या अगोदर काय दिले? आपल्या गावात आज ते कोणास हवे आहे?

3. लक्ष्मीबाईंचे मन वळण्यास किती वर्षे लागली? आपण कोणाविषयी घाई करीत आहो काय?

4. ह्या आठवड्यात कोणाच्या दाराशी जावयाचे, त्याचे नाव मनात धरून प्रार्थना करावी, आणि पुढील रविवारच्या आत जावे.