जुन्या विमानाची पारख : एकइंजिनी टर्बोप्रॉपची खरेदी

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याला विमान आता परके राहिलेले नाही. कोपरगाव तालुक्यातील काकडी येथील शिर्डी विमानतळ १ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झाला. त्यापूर्वी, २०१४ मध्ये, महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या सहकार्याने मुंबईतील जुहूहून जलविमानसेवेस प्रारंभ झाला, तेव्हा राहुरी तालुक्यातील मुळा धरणाचा जलाशयही नियोजित स्थळांत होता. त्या सेवेचे विमान सेस्ना २०८ कॅरव्हान या एकइंजिनी टर्बोप्रॉप जातीचे होते. ती सेवा आज चालू नाही. तथापि अशा सेवेचा विचार पुन्हा होईल, तेव्हा कमी किमतीचे जुने विमान घेण्याची सूचना पुढे येणे स्वाभाविक आहे. तिची पारख कशी करावी, हे जाणून घेणे म्हणूनच उपयुक्त ठरेल.

इंजिनाचे आयुष्य

टर्बोप्रॉप इंजिनात तप्त वायूच्या झोताने टर्बाइन फिरते व त्या शक्तीवर पुढील पंखा चालतो. इंधन केरोसीनच्या जातीचे असते. हे इंजिन भरवशाचे मानले जाते. परंतु ते एकच असल्याने बंद पडल्यास विमान तरंगत खाली उतरविण्यावाचून गत्यंतर नसते. प्रवाशांचा जीव त्या एका इंजिनाच्या निगेवर अवलंबून असतो.

कॅरव्हानमधील पीटी-६ इंजिनाची संपूर्ण दुरुस्ती, म्हणजे ओव्हरहॉल, सर्वसाधारणपणे ३,६०० तासांनी करावयाची असते. तप्त भागाची तपासणी १,८०० तासांच्या सुमारास होते. समजा, विक्रीस असलेल्या विमानाच्या इंजिनाचे ३,००० तास झाले आहेत. उरलेले ६०० तास, महिन्याला ५० तास उड्डाण धरल्यास, एका वर्षात संपतील. त्यानंतरचा मोठा खर्च खरेदीच्या किमतीतच धरला पाहिजे. तासांइतकेच उड्डाणांच्या फेऱ्यांनाही महत्त्व आहे. कारण प्रत्येक फेरीत इंजिन तापते आणि निवते.

विमानाचा सातबारा

जमीन घेताना सातबारा पाहतात, तसे विमान घेताना लॉगबुक पाहावे लागते. विमान, इंजिन व पंखा यांच्या नोंदी प्रथमपासून अखंड हव्यात. मध्येच काही वर्षांच्या नोंदी नसतील, तर त्या काळातील अपघात वा दुरुस्ती कळण्यास मार्ग उरत नाही. जमिनीप्रमाणे विमानावरही कर्जाचा बोजा असू शकतो. तो उतरल्याची खात्री करून घ्यावी. परदेशातून आणावयाचे असल्यास तेथील नोंदणी रद्द झाल्याचा दाखला लागतो. आयातीची परवानगी, वयाची अट, भारतीय नोंदणी व उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र यांबाबत नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम आधीच पाहावेत.

तपासणी कोणी करावी?

पूर्ण रक्कम देण्यापूर्वी, विक्रेत्याशी संबंध नसलेल्या परवानाधारक अभियंत्याकडून तपासणी करून घ्यावी. इंजिनाच्या आतील पाती बोअरस्कोपने पाहता येतात. विमान समुद्राच्या पाण्यावर उतरत असल्यास गंजाची तपासणी विशेष काळजीने व्हावी.

वैमानिक, विमा, देखभाल व हँगर यांचा खर्च दरवर्षीचा असतो. तो पेलणार नसेल, तर स्वस्त खरेदीही महाग पडते. ग्रामपंचायतीने जुना ट्रॅक्टर वा पाण्याचा टँकर घेतानाही हाच विचार करावयाचा असतो : वस्तूबरोबर तिचा पूर्वेतिहास आणि पुढील खर्चही विकत घेतला जातो. सार्वजनिक पैशातून होणाऱ्या खरेदीत हे दोन्ही किमतीइतक्याच बारकाईने तपासले गेले पाहिजेत.